डाव्या पायावरचा आळ

तीनचाकीचा मागचा डावा ब्रेक चार महिन्यांत तिसऱ्यांदा झिजला आणि तिसऱ्यांदाही सगळ्यांनी बोट दाखवलं ते नवशीच्या डाव्या पायाकडेच.

पाय लहानपणापासून अधू, हे खरं. कुबड्यांशिवाय तिला चालता येत नसे. पण पुढून मोटरसायकल आणि मागे दोन चाकांवर हौदा अशी ती गाडी, गिअरला हाताची दांडी लावून, ती सहा वर्षं चालवत होती. तलासरीकडच्या वाड्यांतून चिकूचे क्रेट भरायचे आणि घोलवडला शेडमध्ये उतरवायचे. काल वळणावर ब्रेक मारला तशी गाडी डावीकडे ओढली गेली ती थेट गटारात, आणि चिकू रस्ताभर. गाडीचे मालक जतीनभाई शांतपणे म्हणाले, "तुझा काय दोष, नवशी? पायच असा. उद्यापासून शेडमधला नितीन चालवेल. तू शेडमध्ये बसून चिकू निवड."

शिवी दिली असती तर तिनेही चार शब्द सुनावले असते. कीव करणाऱ्याला काय सुनावणार? गाडी दुरुस्तीला डहाणू रोडला न्यायची, एवढीच शेवटची फेरी तिच्याकडे उरली होती.

"उतरू नका हां ताई, बसा बसा," मेकॅनिक रतन नेहमीसारखा धावत आला. त्याने डावीकडे जॅक लावला. "परत डावाच गेला. होणारच. तुमचा भार त्या अंगाला पडतो ना."

चार महिने हेच ऐकून तिलाही ते अर्धंमुर्धं पटायला लागलं होतं. आज मात्र तिची नजर ब्रेकच्या पेडलवर टेकलेल्या स्वतःच्या उजव्या पायावर गेली आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"रतनभाऊ, ब्रेक मी कुठल्या पायाने दाबते?"

"उजव्या."

"मग डाव्या पायाचा काय संबंध? पेडल एक, मागची चाकं दोन. एकच का झिजतं? उजवं उघडून बघितलंत कधी?"

"त्याची गरजच नाय पडली. त्याचा नटपण कधी आवळावा लागत नाय. गेल्या वर्षी बसवलेला, तरी एकदम नवाकोरा ब्रेक आहे."

"वर्षभर गाडी पळवून नवाकोरा?"

रतनची नजर उजव्या चाकाकडे गेली. उजव्या चाकाजवळच्या पाइपात तिच्या कुबड्या अडकवलेल्या असत. ते चाक उचलायचं तर कुबड्या काढा, बाईला उतरवा. अधू बाईला कशाला त्रास? त्या दयेपायी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललं होतं.

नवशी उतरली. गाडी तलासरीहून नुकतीच आलेली. डाव्या चाकाच्या ब्रेक-ड्रमला बोट लावताच चटका बसला. उजवा ड्रम माठासारखा गार.

"हात लावा," ती म्हणाली. रतनने लावला.

उजवा ड्रम हातोड्याने ठोकून ठोकून निघाला. आतून घासून चाक थांबवणारे ब्रेक शू जवळजवळ नवे होते, कारण त्यांना फाकवणारा कॅम खाऱ्या हवेने गंजून जाम झाला होता. पेडल दाबलं तरी तो जागचा हलेना, त्यामुळे सगळा ब्रेक एकट्या डाव्या चाकाला लागत होता. सहा वर्षं खपलेल्या बाईच्या माथी मारलेला दोष तिथे बोटभर लोखंडात बसला होता.

"माझंच चुकलं, ताई."

"चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीत," नवशी म्हणाली. तिने स्टूल ओढलं, कॅम मांडीवर घेतला आणि रॉकेल लावून पॉलिश पेपरने तो स्वतः घासला. संताप हातात उतरला होता, गंज भराभर निघत होता. मग ग्रीस लावून कॅम बसवला, दोन्हीकडे सारखे नवे शू घातले, आणि दोन्ही चाकं एकदम उचलून ती सारखीच मोकळी फिरेपर्यंत तिने रतनला नट जुळवायला लावले.

घोलवडच्या शेडसमोर जतीनभाई आणि नितीन वाट बघत होते. किल्लीसाठी नितीनचा हात पुढे आलेलाच. नवशीने वेग कमी केला नाही. अगदी जवळ येऊन तिने कचकन ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. मागे मातीत दोन चाकांच्या दोन सारख्या खुणा उमटल्या.

जतीनभाई कौतुकाने हसले. "वा! आज पाय बरा वाटतोय तुझा."

"पाय आहे तसाच आहे, जतीनभाई," ती म्हणाली. "लंगडी तुमची गाडी होती. चार महिने मी ती तशीच चालवली."

किल्ली तिने काढली नाही. नितीनने हात मागे घेतला.