नऊ नंबरची सहा-वीसची गाडी

टेलरकाका त्या दिवशी दैनिकाच्या कचेरीत भांडायला आले होते. पण जन्मात कुणाशी भांडलेले नसल्यामुळे ते दारातच पायपुसण्यावर बूट घासत उभे राहिले. ताईंनी मान वर करून "या ना काका" म्हटल्यावर त्यांनी काखेतला पेपर टेबलावर पसरला, पान चारच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, हे तुम्ही खोटं छापता."

चौकटीचं नाव होतं 'आजच्या बस'. अकरा वर्षं ती ताईच भरत होत्या. तशा त्या नगरपालिकेच्या वार्ताहर. पाणी, रस्ते, दवाखाने, सगळं त्यांच्याकडे. पण वेळापत्रक लावायला कचेरीत दुसरं कुणी राजी नव्हतं, म्हणून ते लोढणंही त्यांच्याच गळ्यात आलं होतं. डेपोतून यादी यायची, ताई ती उतरवून द्यायच्या, काम संपलं.

"नऊ नंबर, सकाळी सहा वीस," काका म्हणाले. "मी सहापासून उभा होतो. आठ वाजले तरी गाडीचा पत्ता नाही. गेल्या आठवड्यातही एकदा असंच झालं."

काकांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास मशीनला लावून रक्त स्वच्छ करून घ्यायचं, तेव्हा कुठे पुढचे दोन दिवस मिळायचे. पूर्वी हे सरकारी दवाखान्यात व्हायचं, काकांच्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. वर्षापूर्वी डायलिसिसचा तो विभाग एका खासगी कंपनीला चालवायला दिला. दर तेच राहतील, मशीन नवी येतील, रुग्णाला काडीचाही त्रास होणार नाही, असं तेव्हा सांगितलं होतं. ती बातमी ताईंनीच लिहिली होती. दोन महिन्यांत कंपनीनं सगळी मशीन उचलून शहराबाहेरच्या वळणरस्त्यावर, आपल्या काचेच्या इमारतीत नेली. तिकडे जाणारी बस एकच, नऊ नंबरची.

"सातची पाळी चुकली की खुर्ची दुसऱ्याला," काका सांगत होते. "आणि माझ्या नावापुढे 'गैरहजर'. तीनदा गैरहजर लागलं की नाव कापतात. माझे दोन झालेत."

"आम्ही डेपोतून येतं ते छापतो" हे वाक्य ताईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि पर्स उचलली.

डेपोतला कारकून ओळखीचा होता. त्यानं खुर्ची दिली, खिडकी लावून घेतली आणि म्हणाला, "गाडी आहे ना ताई. कागदावर आहे."

"आणि रस्त्यावर?"

"ड्रायव्हर कमी, गाड्या खिळखिळ्या, मार्ग तोट्याचा. रद्द केली म्हणून जाहीर केलं तर नगरसेवक येऊन डोक्यावर बसतात. म्हणून रद्द नाही केली. जमेल तशी सोडतो, नाही जमलं तर नाही सोडत."

"आणि मी रोज छापते की ती सुटते."

कारकुनानं खांदे उडवले. "तेवढं वेळापत्रक कोण वाचतं हो?"

डेपोच्या फाटकाबाहेर आल्यावर ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तो कारकुनावर नव्हता. जी माणसं छापील शब्दावर भरवसा ठेवून अंधुक उजेडात थांब्यावर जाऊन उभी राहिली, त्यांना तिथं उभं कुणी केलं होतं?

घरी मामंजी पेपर वाचत बसले होते. ताईंच्या सासऱ्यांनी त्याच डेपोत चौतीस वर्षं टाइमकीपरचं काम केलं होतं. कोणती गाडी किती वाजता सुटली, किती वाजता परतली, हे लिहिणं हीच त्यांची नोकरी. ताईंनी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"उशिरा सुटली असेल."

"सुटलीच नाही, मामंजी."

"सुटली नाही आणि सुटली म्हणून लिहिलं?" ते सदऱ्याच्या टोकानं चष्म्याच्या काचा पुसत राहिले. डेपोबद्दल वाकडा शब्द ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती. घरात तो विषय निघाला की त्यांचा मुलगा उठून आत जायचा. मग मामंजी म्हणाले, "सूनबाई, उद्या किती वाजता निघायचं?"

दुसऱ्या दिवसापासून दोघं सहाला थांब्यावर हजर. मामंजींनी वहीवर रेघा मारून घेतल्या होत्या: तारीख, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, शेरा. ताठ उभं राहून ते मनगटाकडे बघायचे, त्यामुळे लोकांना वाटायचं, वरून कुणी साहेब तपासणीला आलाय. एका बाईंनी तर त्यांना असं काही झापलं की बिचारे ऐकतच राहिले. ताईंनी मध्ये पडून "हे निवृत्त आहेत हो" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "मग नोकरीत होते तेव्हाचं समजा."

बारा दिवसांत गाडी पाच वेळा आली, त्यातही दोनदा अर्धा-पाऊण तास उशिरा. डायलिसिसला जाणारी माणसं ताईंना हळूहळू चेहऱ्यानं कळली. टेलरकाका, सुजलेल्या पायांची एक आजी आणि तिची नात, शाळेतला एक शिपाई. गाडी नाही आली की कुणी जावयाला फोन लावायचं, कुणी दुधाच्या टेम्पोला हात करायचं, कुणी मुकाट्यानं घरी परतायचं.

ताईंनी बातमी लिहिली. संपादकांनी ती दोनदा वाचली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली.

"चांगली आहे. जरा थांबू."

"किती?"

"रविवारी कंपनीची आरोग्य पुरवणी आहे, आठ पानं. ती जाऊ दे. मग बघू."

संपादक वाईट माणूस नव्हते. वीस वर्षांपूर्वी यांच्याच लेखणीनं एक महापौर घरी बसला होता. पण कचेरीतली पंधरा टेबलं सहावर आली होती, आणि जाहिरातदाराचं नाव निघालं की ते असे खिडकीबाहेर बघायला लागायचे. ताईंनी वाद घातला नाही. दारापर्यंत जाऊन त्या वळल्या.

"बातमी राहू दे. वेळापत्रक तरी खरं छापू का?"

"वेळापत्रकात काय खरं-खोटं? छाप की."

दुसऱ्या दिवशी पान चारच्या कोपऱ्यात, इतर बसच्या वेळांखाली, त्याच बारीक अक्षरात छापून आलं: 'मार्ग ९, सकाळी ६.२०. काल आली नाही. थांब्यावर अकरा जण होते. त्यांतले चौघे डायलिसिसला निघाले होते. एक पोहोचला, दुधाच्या टेम्पोतून.'

त्याच्या पुढच्या दिवशी: 'आली, ७.०५ वाजता. तिघे गेले. दोघांची खुर्ची गेली होती.'

विशेषण नाही, आरोप नाही, कुणाचं नाव नाही. आठवडाभरात पेपर उलटा उघडायची रीत पडली. लोक आधी पान चार बघायला लागले. कचेरीतला फोन खणखणू लागला. चार नंबरच्या थांब्यावरून, बाजारातून, गिरणीच्या फाटकावरून माणसं सांगायची, आमचीही लिहा. ताई प्रत्येकाला एकच विचारायच्या: "तुम्ही स्वतः उभे होतात का? घड्याळात किती वाजले होते?"

नवव्या दिवशी कंपनीचे जनसंपर्क अधिकारी आले. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. संपादकांच्या खोलीत ताईंना बोलावणं आलं.

"मॅडम, तुमच्या चौकटीमुळे आमच्या संस्थेबद्दल गैरसमज पसरतोय."

"चौकटीत तुमच्या संस्थेचं नाव नाही."

"पण लोकांना कळतं ना."

"कळत असेल तर लोक हुशार आहेत. त्यातली खोटी ओळ कोणती, ते दाखवा. उद्या चूक कबूल करून छापते."

त्यांनी कात्रणांची फाइल उघडली आणि तशीच मिटली. "ओळ खोटी नाही. चित्र एकांगी आहे. मुळात रुग्णच शिस्त पाळत नाहीत. आमच्याकडे नोंदी आहेत गैरहजेरीच्या."

"तुम्ही आज कशानं आलात?"

"गाडीनं."

"उद्या नऊ नंबरनं या. मी थांब्यावर असते. तुमची हजेरीही लिहीन."

ते हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. ते गेल्यावर संपादक ताईंकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून ती चौकट बंद. सगळीच. जागा नाही म्हणून सांग."

"मी नाही सांगणार. कुणी विचारलं तर तुमच्याकडे पाठवीन."

त्याच आठवड्यात टेलरकाकांच्या नावापुढे तिसरी गैरहजेरी लागली आणि नाव कापलं गेलं. तीन दिवसांनी त्यांना श्वास घेता येईना. शेजाऱ्यांनी उचलून सरकारी दवाखान्यात नेलं, ते पूर्वी जायचे त्याच मजल्यावर. तिथं आता रिकाम्या भिंती होत्या आणि मशीन जोडायचे नळ. एका परिचारिकेनं कंपनीच्या इमारतीत फोन लावला. "नाव यादीत नाही" असं उत्तर आल्यावर ती म्हणाली, "यादीत नाही, पण माझ्यासमोर पलंगावर आहे. नाही म्हणायचं असेल तर तुमचं नाव सांगा, मी लिहून घेते." तासाभरात रुग्णवाहिका आली. काका वाचले, थोडक्यात.

ताई त्यांना बघून आल्या आणि घरी येऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून रडल्या. मामंजी दारात उभे राहिले. धीर कसा द्यायचा हे त्यांना कधीच जमलं नव्हतं.

"वहीत आजचं लिहायचं राहिलं नाही," ते म्हणाले. "मी एकटा जाऊन आलो."

मग ताई उठल्या. त्यांनी जाड कागद काढले आणि मार्करनं ठळक अक्षरात चौकट हातानं लिहिली. चौदा थांबे, चौदा कागद. दुसऱ्या दिवसापासून मामंजी आणि ती सुजल्या पायांच्या आजीची नात खळ घेऊन ते चिकटवत फिरायचे. कुणी फाडला की दुसरा. तिकडे कचेरीत संपादकांना स्वतः फोन उचलावे लागत होते, कारण प्रत्येक जण एकच विचारत होता: "चौकट कुठं गेली?" पेपरविक्रेत्यांनी तर येऊन सांगितलं की आठ पानी पुरवणी लोक आमच्याच हातात परत देतात.

नगरपालिकेच्या आरोग्य समितीची बैठक महिनाअखेरीस होती. कंपनीचा करार वाढवण्याचा विषय पटलावर होता. सभागृह भरलं. टेलरकाका भिंतीला टेकून बसले होते, चेहरा अजून पांढराफटक. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी पडद्यावर तक्ता दाखवला: कोणत्या तारखेला कोण गैरहजर. "मशीन तयार असतात," ते म्हणाले, "रुग्णच येत नाहीत."

ताई उठल्या. "अध्यक्ष महोदय, या तारखा..."

"पत्रकारांनी इथं ऐकायचं असतं, बोलायचं नसतं," अध्यक्षांनी तोडलं. "बसा."

ताई बसल्या. त्यांच्या शेजारून मामंजी उठले.

"मी पत्रकार नाही," ते म्हणाले. "मी प्रवासी. आणि या पालिकेच्या बसचा चौतीस वर्षं टाइमकीपर होतो. तो तक्ता तसाच राहू द्या, मी माझी वही वाचतो."

"आजोबा, वेळ नाही..."

"वेळेचं मला सांगू नका."

मागच्या रांगांत हशा पिकला. मामंजींनी वही उघडली आणि हजेरी घेतल्यासारख्या सपाट आवाजात वाचायला सुरुवात केली. तीन तारीख, गाडी आली नाही. पडद्यावर तीन तारखेला चार गैरहजर. पाच तारीख, पंचेचाळीस मिनिटं उशीर. पडद्यावर दोन. दहा तारीख, आली नाही. कंपनीच्या माणसानं पडदा बंद करायला बटण दाबलं, तर मागून एक धारदार आवाज आला, "चालू ठेवा." ती सरकारी दवाखान्यातली परिचारिका होती. तिच्यामागून आणखी कुणीतरी म्हणालं, मग सगळेच म्हणू लागले. पडदा चालू राहिला. मामंजी शेवटच्या पानापर्यंत वाचून थांबले, वही मिटली आणि म्हणाले, "माणसं गैरहजर नव्हती. माणसं थांब्यावर होती. गाडी गैरहजर होती."

टेलरकाका बसल्या जागेवरूनच बोलले. आवाज इतका बारीक होता की सभागृहाला गप्प व्हावं लागलं. "माझं नाव परत लिहा," एवढंच ते म्हणाले.

तीन गैरहजेऱ्यांचा नियम त्याच दिवशी गेला. सहा-वीसची गाडी पुढच्या सोमवारपासून सुटू लागली. पहिला महिनाभर डेपोचा साहेब स्वतः फाटकात उभा राहायचा. कराराची वाढ मात्र फेटाळली गेली नाही, नुसती पुढे ढकलली. मशीन वळणरस्त्यावरच आहेत आणि सरकारी दवाखान्यातल्या त्या मजल्यावर अजून रिकामे नळ.

संपादकांनी ड्रॉवरमधली बातमी काढून दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर छापली, ताईंच्या नावासकट. चौकटही परत आली. पुरवणी पुन्हा मिळाली नाही. "मी घाबरलो होतो," ते ताईंना म्हणाले. ताई म्हणाल्या, "ते मला माहीत आहे. मीही घाबरले होते." त्यांनी माफ केलं असं नाही, पण काम करत राहिल्या.

दोन दिवसांनी त्या पालिकेच्या दप्तरखान्यात गेल्या आणि कंपनीशी झालेल्या मूळ कराराची प्रत मागितली. खिडकीमागचा कर्मचारी फाइल न बघताच म्हणाला, "ती फाइल वर गेलीय. उद्या या."

"किती वाजता गेली?"

"काय?"

"फाइल वर किती वाजता गेली, कुणी नेली, कुणाच्या सहीनं? नोंदवही दाखवा."

तो वैतागला. "बाई, तुम्हाला वेळ लागेल."

ताईंनी कोपऱ्यातलं बाकडं ओढून थेट खिडकीसमोर आणलं, पर्स मांडीवर घेतली आणि बसल्या. "लागू दे," त्या म्हणाल्या.