साडेपाचची बादली

वरोऱ्याच्या एका रोपवाटिकेत अठ्ठावीस वर्षं काढून मी माजरीत राहायला आलो, ही माझी चूक. इथे कुणाच्या तुळशीला मुंग्या लागल्या तरी माझ्या दारावर थाप पडते.

शेजारच्या अंजनाबाई आल्या तेव्हा मी जेवत होतो.

"दिनेशभाऊ, गुलाब मरून राह्यला."

मी ताटावरून हललो नाही.

"यायनं लावलेला व्हय थो," त्या म्हणाल्या. मग उठलो.

'यायनं' म्हणजे त्यांचे मालक, खुशालभाऊ. कोळसा खाणीत पंपावर होते. कलम लावलं आणि चौथ्या महिन्यात गेले, त्याला दोन वर्षं झाली. अंगणात त्यांच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

झाडाची हालत खरंच वाईट होती. खालची पानं गळून काड्या उघड्या पडल्या होत्या. वरच्या पानांवर फाटक्या कडांचे काळे ठिपके आणि भोवती पिवळेपणा.

"कोळशाची धूळ व्हय," अंजनाबाई म्हणाल्या. "रोज धुतलं तरी जात नाई. म्हणून आता फडक्यानं घासून राह्यली."

माजरीत कपडे वाळत घालायच्या आधी दोरी पुसावी लागते, तेव्हा पानं सगळेच धुतात. मी एका पानावर बोट फिरवलं. बोट काळं झालं, ठिपके जागचे हलले नाहीत.

"हे धूळ नाई, बाई. बुरशी व्हय. पानं धुता कवा?"

"साडेपाचले. वरून, बादलीभर."

माझं डोकंच फिरलं. संध्याकाळी भिजवलेली पानं रात्रभर ओली राहतात, आणि या बुरशीला तेवढंच हवं असतं. त्यात एकच फडकं रोगट पानावरून चांगल्या पानावर. माझ्या तोंडाला लगाम नाही. म्हणालो, "तुमीच मारून राह्यल्या त्याले."

मी आपला सांगत सुटलो: ठिपक्यांची पानं तोडा, पडलेली वेचून जाळा, आतल्या दाटीच्या फांद्या छाटा, मॅन्कोझेब हे बुरशीचं औषध लिटरला दोन ग्रॅम दहा दहा दिवसांनी फवारा. धूळ धुवायची तर सकाळी, ऊन पडल्यावर. संध्याकाळी पानांवर थेंबही नको.

"मंग साडेपाचले मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"हे पाळीवरून साडेपाचले येत. सारे काळे. मी पाणी तापवून बादली भरून ठेवो, पाठ घासून देवो. हे गेल्यावर तो टाइम जाये नाई. मंग याले धुवाले लागली."

मला माझीच लाज वाटली. तेवढ्यावर घरी जायला पाय उठेना.

"बादली साडेपाचलेच भरा," मी म्हणालो. "याच्याजवळ ठेवून द्या. सकाळी बुडाले घाला. पानावर नाई."

रोगट पानं मीच तोडली. औषधही मीच फवारलं, कारण त्यांना डब्यावरचं बारीक अक्षर दिसत नाही. दीड महिन्यात लालसर कोवळी पानं आली. एकावरही ठिपका नाही.

बादली अजून रोज साडेपाचला झाडापाशी येते. परवा सहज कुंपणावरून वाकून तिच्यात हात घातला. पाणी गरम होतं.