जलद गाडीची पाच मिनिटं

शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी खिशातलं घड्याळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "अंबू, वेळ लाव."

दुसऱ्या दिवशी भोपाळला 'जलद रेल्वे आणि पर्यावरण' या विषयावर परिसंवाद होता. आमच्या उज्जैनच्या नागरिक मंचानं बाबांचं नाव दिलं होतं. तीस वर्षं इंजिन चालवलेल्या माणसाला पाच मिनिटं, आणि गाडीत झोपायलाच चढणाऱ्या तज्ज्ञांना अर्धा-अर्धा तास.

बाबा खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. उज्जैन-भोपाळ ताशी दोनशेच्या वेगानं विजेची गाडी हवी, सरकारनं स्वतः पैसा घालून ती बांधावी, हे त्यांचं म्हणणं. "एका गाडीत हजार माणसं जातात. तीच मोटारींनी गेली तर रस्ता रुंद करायला देवास रोडची झाडं जातील. वीजघराचा धूर एका जागी असतो, तिथं अडवता येतो. हजार मोटारींचा धूर कुठं अडवणार?"

"यह सब उनको पता है, मधुकर," आतून अक्का म्हणाली. अक्का बाबांची थोरली बहीण. "रिटायर होऊन आठ वर्षं झाली, तरी हा इंजिनावरून उतरेना."

अठ्ठ्याण्णव साल होतं. आमच्या नानाखेड्याच्या कॉलनीत दर महिन्याला कुणाच्या तरी दारात नवी मोटार यायची आणि बारशासारखे पेढे वाटले जायचे. पेढे खाताना लोक बाबांना विचारायचे, "काय मधुकरराव, तुमची दोनशेची गाडी कुठवर आली?" मीही हसायची. कॉलेजात शिकवणारी, चार पुस्तकं वाचलेली मुलगी. माझं हसणं जरा सभ्य असायचं, एवढंच.

"पाच मिनिटं वीस सेकंद," मी म्हणाले. "हे वाक्य काढा."

ते वाक्य असं होतं : 'अठरा वर्षं मी कोळशाच्या इंजिनावर होतो, धूर म्हणजे काय हे मला माझ्या थुंकीच्या रंगावरून कळतं.'

"का? खोटं आहे?"

"सभेत थुंकी कशाला, बाबा?"

माझ्या लाल पेनानं त्यांनी ते खोडलं. मग खोकले, बराच वेळ. "तू चल ना उद्या. मला धाप लागली तर पुढचं तू वाच."

"उद्या परीक्षेची ड्युटी आहे माझी," मी म्हणाले.

"बरं," म्हणाले आणि कोटाला इस्त्री करायला गेले.

शनिवारी सकाळी मंचाचे अध्यक्ष जयंतराव मोटार घेऊन दारात आले. बाबा बसले नाहीत. "रेल्वेची बाजू मांडायला मोटारीतून कसा येऊ, जयंतराव?" असं म्हणून पायी स्टेशनवर गेले. पॅसेंजर गाडी तीन तास उशिरा पोचली. यावर हसणाऱ्यांना मी नंतर पुष्कळ वेळा पाहिलं.

परत येताना बाबा खिडकीशी बसले होते. शेजाऱ्याला वाटलं, झोपलेत. उज्जैनला सगळे उतरले, ते उतरले नाहीत.

भोपाळला काय झालं ते मला जयंतरावांनीच सांगितलं. तेराव्यानंतर कॉलनीच्या हॉलमध्ये शोकसभा होती, त्याआधी ते घरी चहाला आले होते.

"क्या बताऊं बेटा, कार्यक्रम एकदम शानदार. सत्तावीस गाड्या होत्या बाहेर. ड्रायव्हर लोक एसी लावून बसलेले, बेचारे, गर्मी किती होती."

"पर्यावरणाच्या परिसंवादाला?"

"हो ना. मधुकरराव आले तेव्हा आभार चालले होते. मी म्हटलं, कागद देऊन टाका, छापून येईल. तर म्हणाले, मी बोलायला आलोय. जिद्दी माणूस. कोपऱ्यात उभे राहिले आणि मग गेले. जेवलेसुद्धा नाहीत, पनीर चांगलं होतं."

पनीर चांगलं होतं, हे त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं.

शोकसभेत टेबलावर बाबांचा फोटो होता. जयंतराव म्हणाले, मधुकरराव हे आपल्या मंचाचं इंजिन होतं. टाळ्या वाजवाव्या की नाही, हे लोकांना कळेना. मग म्हणाले, त्यांचा कागद आम्ही परिसंवादाच्या समितीकडे जरूर पाठवू, आणि आता त्यांची कन्या आभाराचे दोन शब्द बोलेल.

मी उठले. बाबांच्या कोटाच्या खिशात सापडलेला कागद पर्समधून काढला आणि घड्याळ टेबलावर ठेवलं.

"आभार नाहीत," मी म्हणाले. "त्यांची पाच मिनिटं राहिली आहेत."

मी वाचत गेले. हजार माणसं, देवास रोडची झाडं, वीजघराचा धूर. जयंतरावांनी एकदा मनगटाकडे पाहिलं. लाल रेघेपाशी आले तेव्हा रेघेखालची अक्षरं स्पष्ट दिसत होती. तेही वाक्य वाचलं, थुंकीसकट. पुढच्या रांगेत कुणीतरी तोंडाला रुमाल लावला. अक्का मात्र मान वर करून बसली होती.

पाच मिनिटं वीस सेकंद झाली. कागदाची घडी घालून मी फोटोकडे वळले.

"बाबा, शनिवारी माझी ड्युटी नव्हती. तुम्ही चारचौघांत खोकता, त्याची मला लाज वाटायची."