शेवटचे तीन दिवस

...खळीचा एक सुकलेला पापुद्रा, कागदी पट्टीच्या कोपऱ्यावर कधीतरी ओघळलेला, नखाने खरवडला तर उडून जाईल इतका हलका — पण ती तो खरवडत नाही, अंगठ्याखाली नुसता धरून ठेवते. पट्टीवर जाड लाल अक्षरं : शेवटचे तीन दिवस. बाबांच्या पेटीत अशा पट्ट्यांचा गठ्ठाच निघालाय, आणि स्वयंपाकघराच्या फळ्या पुसून आई मागे उभी आहे.

बाबा सर्कशीची पोस्टरं चिकटवायचे. तंबूच्या आधी गावात बाबा पोचत, खांद्यावर शिडी, बादलीत खळ; आणि खेळ सुरू होऊन गर्दी ओसरू लागली, की पोस्टरच्या तळाशी ही पट्टी. मग लोक धावत येत. तीन दिवस संपत, मुक्काम वाढे, पट्टी तशीच. पोस्टरवरचा वाघ तर मेल्यानंतरही कितीतरी वर्षं जळत्या कड्यातून उडी घेतच होता — आणि तारेवर छत्री घेऊन उभी असलेली आई, पाय मोडून कायमची खाली उतरल्यावरही, भिंतीभिंतीवर तरुणच...

म्हणून तर बाबांच्या आजारपणात डॉक्टर तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, ‘आता दोन-तीन दिवस,’ तेव्हा तिला चक्क हसू आलं. इतकी पुस्तकं वाचली, मरणाबद्दलची जरा जास्तच, पण त्या क्षणी ती त्याच घराची मुलगी होती, जिथे ‘शेवटचे’ म्हणजे अजून महिनाभर. तिने सांगितल्यावर बाबाही हसले. ‘पट्टी लागली म्हण की! बघ आता गर्दी.’ गर्दी झालीही. तीन दिवस गेले, आठवडा गेला, मुक्काम वाढला. आणि मग एका दुपारी, ती पेल्यात पाणी ओतत असताना, वाढला नाही.

‘अंथर की त्या,’ आई म्हणते. ‘फळीला कागद हवाच आहे.’

‘अगं, बाबांच्या आहेत.’

‘तारेवर चालले मी, त्याच तारेवर आता टॉवेल वाळतात. पट्ट्यांचं काय घेऊन बसलीस! आणि उलट्या घाल. रोज डबा काढताना कोण वाचत बसणार.’

‘थांब ना जरा.’

आई थांबते. मग, नेहमीपेक्षा हळू — ‘तंबू उतरला, बाई. मैदानात किती वेळ उभी राहशील?’

बाबा गेले तेव्हा मी रडले नाही, तिच्या मनात येतं. खंबीर आहे पोरगी, असं सगळे म्हणाले. खंबीर कसली... जिन्यात पावलं वाजली की मान वळायची, आणि का वळते ते मला ठाऊक नव्हतं. मी मुक्काम वाढायची वाट बघत होते.

ती पट्ट्या उलट्या अंथरते. फळी अजून ओलसर आहे. पाठीकडून लाल अक्षरं उमटू लागतात, उलटी, तरी वाचता येणारी. अंगठ्याखाली आता काहीच नाही. सर्कस गेली हे सांगणारी पट्टी बाबांनी कधी चिकटवली नाही, तशी कुणी छापतच नाही — माणसं आपली रिकाम्या मैदानावर येतात, खुंट्यांचे खड्डे बघतात आणि परत जातात. ती साखरेचा डबा हातात धरून उभी राहते... परत कुठे जायचं असतं, ते तिला आठवत नाही.