लाल फडक्यातली वही

मी एक जुनी वही आहे. दोनशे पानांची, पुठ्ठ्याच्या बांधणीची, कोपरे झिजलेली. आणि मित्रांनो, मी चिडलेली वही आहे. जुन्या वस्तूने आपली कहाणी हळव्या आवाजात सांगावी अशी तुमची अपेक्षा असेल, तर आज ते माझ्याच्याने होणार नाही.

तेवीस वर्षांपूर्वी भंडाऱ्याच्या एका दुकानातून मंजुषाने मला घेतले. ती तेव्हा शिक्षिका होण्यासाठी डी.एड. करत होती. विज्ञान, भूगोल, आरोग्य, प्रथमोपचार असे सगळे तिने माझ्यात उतरवून काढले. शीर्षके लाल शाईने, आकृत्या पेन्सिलीने. सुंदर वहीचा पहिला नंबर मला मिळाला. माझ्यात जे लिहिले होते ते त्या काळी बरोबरच समजले जात होते, एवढे मात्र माझ्या बाजूने मला सांगू द्या.

मंजुषाला नोकरी काही लागली नाही. लग्न होऊन ती मोहाडीला विणकरांच्या घरी आली. घरात दोन हातमाग. एकावर तिचा नवरा भूपेंद्र बसे, दुसऱ्यावर सासू शकुंतलाबाई. मागाची पावडी पायाने दाबायची आणि हाताने धोटा फेकायचा, हे शकुंतलाबाईंचे चाळीस वर्षांचे काम. त्यांच्या पातळाचा काठ पाहायला बायका मुद्दाम येत. मी पेटीत पडून होते, कसर माझे कोपरे खात होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्यासारखीची जागा पेटीतच होती.

पण दामिनी, मंजुषाची लेक, सिकलसेल या रक्ताच्या आजाराने सारखी आजारी पडू लागली. अंग ठणकायला लागले की आठ-आठ दिवस ती अंथरुणाला खिळे. शाळा बुडायची ती बुडायचीच. शेवटी ठरले की मंजुषाने तिला घरीच शिकवायचे आणि मुक्त विद्यालयातून आठवीची परीक्षा द्यायची. मंजुषाने पेटी उघडली आणि मला छातीशी धरले. खरे सांगते, तेव्हा मला फार अभिमान वाटला.

त्या दसऱ्याला शकुंतलाबाईंनी मला धोट्याशेजारी पाटावर ठेवले. हळद-कुंकू वाहिले, लाल फडक्यात गुंडाळले. घात झाला तो तिथेच.

पुढे एकदा मंजुषाने माझे भूगोलाचे पान उघडले. महाराष्ट्रात जिल्हे पस्तीस, असे माझ्यात होते. छत्तिसावा होऊन कितीतरी वर्षे झाली होती. तिने पेन उचलला. शकुंतलाबाई मागावरून म्हणाल्या, "पुजलेल्या वहीत खोडाखोड नाही करत बाई." मंजुषाने पेनाला टोपण लावले आणि दामिनीला तोंडी सांगितले. पुढे पुढे तोंडी सांगणेही राहून गेले. स्वयंपाक, धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरणे, पोरीची औषधे, यातून नवे वाचायला बसण्याचे त्राण कुठून आणायचे? हे मला कळते. कळते म्हणून राग जात नाही.

आणि ते धनंजय गुरुजी! भूपेंद्रच्या नात्यातले, शाळेत विज्ञान शिकवणारे. एकदा चहा पिता पिता त्यांनी मला चाळले. सत्तेचाळिसाव्या पानावर थांबले, भुवई उंचावली, घसा खाकरला आणि म्हणाले, "वा, काय अक्षर आहे." चहा संपवला आणि गेले. मित्रांनो, ते सत्तेचाळिसावे पान लक्षात ठेवा.

यंदाच्या रोवणीची गोष्ट. गावाबाहेर या घराच्या दोन बांध्या आहेत, भाताच्या. बायका चिखलात वाकून रोपे लावत होत्या. दामिनीला त्या दिवशी बरे वाटत होते, म्हणून ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पळसाच्या सावलीत मला मांडीवर घेऊन पाठ करत बसली होती. शकुंतलाबाई पाणी प्यायला धुऱ्यावर आल्या आणि गवतात त्यांचा पाय सापावर पडला, तो डसला.

शेजारची रत्नाबाई ओरडली, "गाडीवर बसवा न बाईले, दवाखान्यात न्या."

"थांबा मावशी, पहिले बांधा लागते," दामिनी म्हणाली. "वहीत लिवलं हाये."

तिने माझे सत्तेचाळिसावे पान उघडले. तिथे तिच्या आईच्या टपोऱ्या अक्षरात होते: दंशाच्या वर दोरी घट्ट आवळावी, नव्या पात्याने चीर द्यावी, पंधरा मिनिटे रक्त वाहू द्यावे. दामिनीने ओढणी आवळली. विणकराची पोर ती, तिची गाठ सुटणारी नव्हती. कंपासपेटीत पेन्सिल तासायचे ब्लेड होते, ते तिने काढले. मंजुषा बांधीच्या दुसऱ्या टोकाकडून चिखल तुडवत धावत आली. क्षणभर ती घुटमळली, ते मी पाहिले. मग म्हणाली, "करू दे तिले. मीच शिकवलं हाये."

पुजलेल्या वहीपुढे रत्नाबाई काय बोलणार? रक्त वाहत राहिले. पंधरा मिनिटे. मला हात असते तर मी ते पान स्वतः फाडले असते.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला. काळानिळा पडलेला, कापलेला. ओढणी त्यांनीच जपून सोडवली. औषध सुरू करून त्या बाहेर आल्या.

"हे बांधलं कोणी? कापलं कोणी?"

"मी," दामिनी म्हणाली.

"तुला कोणी शिकवलं?"

दामिनीने आईकडे पाहिले. आईने पिशवीकडे पाहिले. पिशवीत मी होते.

"बांधायचं नाही, कापायचं नाही, थांबायचं तर नाहीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माणसाला हलू द्यायचं नाही आणि सरळ इथं आणायचं. वर्षानुवर्षं सांगून राहिलो आम्ही हे. नवीन पुस्तकं कोणी उघडून पाहते की नाही?"

संध्याकाळी धनंजय गुरुजी भेटायला आले. सगळे ऐकून मान हलवत म्हणाले, "मले तवाच खटकलं होतं ते पान." मित्रांनो, त्या माणसाला तेव्हाच खटकले होते! त्याने माझ्या अक्षराचे कौतुक केले आणि आपली विद्या खिशात घालून घरी नेली. या रागाचे काय करायचे ते मला आजही समजत नाही.

शकुंतलाबाई वाचल्या. उजव्या पायाची जखम चिघळली, अंगठ्याजवळचे बोट काढावे लागले. तीन आठवड्यांनी त्या घरी आल्या तेव्हा घरचा अभ्यास बंद पडला होता. भूपेंद्रने बायकोला बजावले होते, "बस झालं घरचं इस्कूल. तुले येते ते सारं वीस वर्साआधीचं." दामिनी मला हात लावत नव्हती. कोणी काही विचारले तरी "मले नाही येत" म्हणून भिंतीकडे तोंड करून पडे. परीक्षेचा अर्ज तसाच पडून होता. ही पोर आता पुन्हा काही शिकेल की नाही, याच काळजीने मंजुषाला घास उतरत नव्हता.

घरी आल्यावर शकुंतलाबाई आधी मागावर बसल्या. पावडी नीट दाबली जाईना. दोनदा पाय घसरला. भूपेंद्रला ते पाहवेना. त्याने मला उचलले. "ही वही चुलीत टाकतो."

"ठेव ते तिथं," शकुंतलाबाई म्हणाल्या. मग सुनेला विचारले, "मंजुषा, ताणा संपला, नवा चढवायचा हाये. आपण का करतो?"

"जुन्या ताण्याच्या एकेका धाग्याले नव्याचा धागा बांधतो, आई."

"आन जुन्यात एखादा कुजला असन तर?"

"तोडून टाकतो."

"मंग वहीतला काहून नाही तोडला?" त्यांनी दुखरा पाय पावडीवरून उचलला. "मीच अडवलं होतं तुले. माह्यंबी चुकलं. पण या पोरीचा काही दोष नाही. तिले शिकवलं तेच तिनं केलं, न घाबरता केलं. इकडं ये, दामिनी."

दामिनी आली. आजीच्या मांडीत डोके खुपसून ती खूप रडली. भूपेंद्र मला खाली ठेवून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी परीक्षेचा अर्ज त्यानेच नेऊन दिला.

त्यानंतर मंजुषाची शाळा बदलली. आता कुठलाही धडा शिकवण्याआधी ती स्वतः विद्यार्थिनी होते. मोबाइलवर नवी पुस्तके उतरवून माझ्याशेजारी मांडते आणि ओळ न् ओळ ताडून पाहते. बाजाराच्या दिवशी भाजीआधी नर्सबाईंकडे जाते. कृषी सहायक दिसला की त्याला रस्त्यात थांबवते. जे बदलले ते माझ्यात खोडते, समासात लिहिते की कोणाला विचारले आणि कोणत्या तारखेला. जागा पुरेना तेव्हा तिने कोरी पाने आणून मागाच्या सुताने मला शिवली. काही ठिकाणी नुसते लिहिले आहे, "मला माहीत नाही. विचारायचे आहे." माझी सुंदर पाने विद्रूप झाली आहेत. झाली तर झाली.

सत्तेचाळिसावे पान तिने खोडले नाही. ते दामिनीसाठी ठेवले होते. दामिनीने लाल पेनाने त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिले, "हे चूक आहे. यात आजीच्या पायाचे बोट गेले."

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी वही असेल, किंवा वहीसारखे एखादे माणूस. त्याला नमस्कार करून गप्प बसू नका. विचारा, हे कधीचे आहे, आजही खरे आहे का. आम्हा वह्यांना हळद-कुंकवाची भूक नसते. आणि ज्यांना चूक दिसते आणि तरीही जे अक्षराचे कौतुक करतात, त्यांना मी माफ करणार नाही.

यंदा दसऱ्याला मला पाटावर बसवले नाही. त्या दिवशीही मी उघडीच होते, दामिनी लिहीत होती. संध्याकाळी धनंजय गुरुजी सोने द्यायला आले. आपट्याची पाने देऊन झाली, चहा आला. दामिनी उठली आणि मला त्यांच्या मांडीवर ठेवले. टोपण काढलेला पेन त्यांच्या हातात दिला.

"गुरुजी," ती म्हणाली, "यात जे जे खटकते ते लिवून जा."

चहा निवून गेला. गुरुजी दिवेलागणीपर्यंत लिहीत होते.