हिरव्या बटणाचं उत्तर

अर्धांगाच्या झटक्यानं कोंडिबांची वाचा गेली, तरी घरात फारसं कुणाचं अडलं नाही. त्यांच्या वतीनं बोलायला बायको दगडाबाई होत्याच. लग्नापासून त्याच बोलत आल्या होत्या. सून अनुपमाला मात्र सासऱ्यांचं मन खुद्द सासऱ्यांकडूनच ऐकायचं होतं. त्यांनी मान हलवली तरी ती गोल फिरायची, होय की नाही काही कळायचं नाही.

अनुपमा रांजणगावच्या कंपनीत पॅनेलचं वायरिंग करायची. तिनं एक डबा बनवला. बटण एकदा दाबलं की ‘व्हय’, लागोपाठ दोनदा दाबलं की ‘न्हाई’. आवाज भरला दगडाबाईंचा. टेबलावर डबा शहाण्यासारखा बोलला. पण ते इवलंसं बटण कोंडिबांच्या बोटाला सापडेना, म्हणून तिनं विहिरीवरच्या मोटारीच्या जुन्या स्टार्टरचं हिरवं बटण काढून बसवलं. ते त्यांनी आयुष्यभर दाबलं होतं.

मग तिनं धीर करून विचारलं, “मामा, कांद्याची वखार रिकामीच हाय. तिथं असले डबे बनवायचं काम सुरू करू का? तुमी व्हय म्हणला तरच.”

कोंडिबांनी अंगठा दाबला. “न्हाई!” डब्यातून दगडाबाई कडाडल्या.

अनुपमाचा चेहरा उतरला. वखार त्यांनी स्वतःच्या हातानं उभी केलेली. त्यांचा शब्द मोडणं तिला जमणारं नव्हतं. ती ओट्याकडे वळली.

“मामा, चहा टाकू?”

“न्हाई!”

दगडाबाई निवडायची भाजी टाकून उठल्या. “ह्यो मानूस आन् चहाला न्हाई? तुझं यंत्रच खोटारडं हाय, पोरी!”

अनुपमानं कपाळावर हात मारला. बटण बदलल्यावर तिनं तपासलंच नव्हतं. जुन्या बटणातली पत्ती दाबताना थरथरायची आणि डबा एका दाबाचे दोन मोजायचा. हीच चूक कंपनीत दुसऱ्या कुणी केली असती तर तिनं त्याला सोडलं नसतं. दाबल्यावर पापणी लवेपर्यंत दुसरं काही मोजायचं नाही, असं तिनं प्रोग्रॅममध्ये घातलं आणि या वेळी स्वतः दहादा दाबून पाहिलं.

“मामा, वखारीत...” तिनं डबा त्यांच्या हाताशी सरकवला.

प्रश्न पुरा व्हायच्या आत अंगठा पडला. “व्हय!” जरा थांबून पुन्हा “व्हय!” मग आणखी एकदा. अनुपमाला हसूही आलं आणि रडूही.

“अवो, पुरं!” दगडाबाई म्हणाल्या. “इतक्यांदा व्हय मी उभ्या जन्मात म्हणले न्हाई.”

कोंडिबांनी बायकोकडे पाहिलं आणि शांतपणे बटण एकदाच दाबलं.

“व्हय!” डब्यातल्या दगडाबाईंनी कबूल केलं.