काशीकाकी थांबेना

परशुरामकाका मुंबईची नोकरी संपवून तोंडवलीला परत आले, ते साठ सालानंतर केव्हातरी. गावाला वाटलं, आता हे आंब्याची कलमं लावतील आणि ओटीवर बसून पान खातील. काकांनी एकही कलम लावलं नाही. त्यांनी मला धरलं.

काका बाबांचे चुलतभाऊ, इंजिनिअर. जन्मभर पुलांची गणितं केलेली. नोकरीच्या अखेरीस कचेरीत काँप्युटर आला, तेव्हा पोरासोरांच्या मांडीला मांडी लावून ते तो शिकले. शिकून होतंय तोच निवृत्त!

"आता ह्या सगळा मी खंय ठेवू? लोणच्याच्या बरणीत?" असं ते काशीकाकीला, म्हणजे बायकोला विचारत.

"बरणी रिकामी नाय," काकी म्हणायची. "मथुराक द्या."

मथुरा मी. रत्नागिरीला गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. मुंबईच्या एका संस्थेला प्रोग्रॅम लिहिणारी माणसं हवी होती. काकांनी माझा अर्ज धाडला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. बाबा म्हणाले, "एकदाच जा. झाला तर झाला. नाय तर वेंगुर्ल्याच्या शाळेत मास्तरीण हो, आणि परत मुंबईचा नाव काढू नको."

शाळेला माझी ना नव्हती. पण मला ते यंत्र बघायचं होतं. इतकं, की ताटातले बांगडेसुद्धा गोड लागेनात.

यंत्राशिवाय शिकायचं कसं, हा प्रश्न होता. काका शिकवताना कचेरीतली मराठी बोलत. "यंत्र म्हणजे सांगितलं तेवढंच करणारा गडी. स्वतःची अक्कल शून्य. असा कोणी मिळाला की आपलं काम झालं."

"मी होतंय यंत्र," काकी म्हणाली.

"तू? जन्मात कधी माझा ऐकलंस?"

"तुमचा ऐकूचा नाय. मथुराचा ऐकीन."

मग घरापुढच्या सारवलेल्या खळ्यात मी तांदळाच्या पिठाने चौकटी आणि बाण काढले. दर चौकटीत एक हुकूम. काम सोपं होतं: ओळीने मांडलेले नारळ हलक्यापासून जडापर्यंत लावायचे. शेजारशेजारचे दोन तागडीत घालायचे, गरज पडली तर जागा बदलायच्या, टोकापर्यंत जायचं. फेरीत एकही अदलाबदल झाली नाही, की थांबायचं. एक चौकट कोंबडीने खाल्ली, ती पुन्हा काढली.

काकी पदर खोचून चौकटींतून चालू लागली. नारळ मुकाट्याने आपापल्या जागी आले. मी काकांकडे ऐटीत बघितलं. पण काकी थांबेना. शेवटचे दोन नारळ उचलायची, तोलायची, इकडचा तिकडे ठेवायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"काकी, झाला गो! बस आता!"

"मी उभी आसंय त्या चौकटीत बस खंय लिवलंला आसा?"

चुलीवरून करपल्याचा वास आला. काका ओरडले, "अगो, भात!"

"यंत्राक नाक नसता," काकी म्हणाली आणि नारळ उचलले.

काका धावत आत गेले. मी खळ्यात उकिडवी बसून चौकटी वाचल्या. मी लिहिलं होतं, 'डावा नारळ उजव्यापेक्षा हलका नसेल तर जागा बदल.' आणि ते शेवटचे दोन वजनाला अगदी जुळे निघाले होते. डावा कधीच हलका ठरत नव्हता. काकी बिचारी मरेपर्यंत फिरली असती. मी हाताने पीठ पुसलं आणि लिहिलं, 'जड असेल तरच.' पुढच्या फेरीला काकी टोकाला जाऊन थांबली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "आता करपलेलो भात कोण खातला?"

आम्ही तिघांनी खाल्ला.

मुंबईत मुलाखतीला तीन साहेब होते. पहिल्या दोघांच्या प्रश्नांना मी इतकी अडखळले, की मनात वेंगुर्ल्याच्या शाळेचा फळा दिसू लागला. तिसऱ्याने एक कागद पुढे सरकवला. परीक्षेचे गुण चढत्या क्रमाने लावायचा, चौकटी-बाणांचा फ्लोचार्ट होता. "हा चालेल?"

मी बोट ठेवून चौकटीचौकटीतून गेले. आणि एके ठिकाणी माझ्या तोंडून निघून गेलं, "दोघांना सारखे गुण पडले तर काकी थांबणार नाही!"

"कोण काकी?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. खळं, पीठ, कोंबडी, भात, सगळं सांगितलं. पहिले दोघे एकमेकांकडे बघत राहिले. तिसऱ्याने विचारलं, "नारळ सोललेले की असोले?"

"असोले, साहेब. सोललेले गडगडत जातात."

तो साहेब इतका हसला, की त्याचा चष्मा टेबलावर पडला. हसणं थांबल्यावर त्याने विचारलं, "कामावर कधी येता?"

यंत्र दारातून डोळे भरून बघून गावी परतले तेव्हा बाबा नुसते "बरा झाला" म्हणाले आणि ट्रंक शोधायला माळ्यावर चढले. काका दिवसभर सगळ्या वाडीत सांगत फिरले. काकी मात्र घुश्शातच होती.

"गो मथुरा, थंयसरला यंत्र माझ्यापेक्षा बरा आसा काय?"

"मोठा आसा, काकी. एक खोली भरून."

"आणि भात?"

"भात करूक येत नाय."

"मगे कसला यंत्र ता!" काकी म्हणाली आणि मला वाटेत खायला नारळाच्या वड्या बांधून दिल्या. ते दोन जुळे नारळ तिने त्यासाठीच फोडले होते.